सहा नंबरची खाट

"ताई, सहा नंबरपाशी गेलं की माझी जीभ टाळूला चिकटते. बरं करता येणार नाही, मग मी तिथं जाऊन करू काय?"

इंटर्नशिपला चार महिने झालेली मुलगी विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी समुपदेशन करते. दर बॅचमधून हा प्रश्न घेऊन कुणीतरी येतंच. काही जण तर नुसतं "झोप लागत नाही" म्हणून येतात.

सहा नंबरला साठीचे एक शेतकरी होते. तंबाखूनं गालाचा कॅन्सर झालेला. ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक घेतले, तरी तो उलटला आणि आता गालाला आरपार जखम होती. थोरल्या मुलानं हिला जिन्यात गाठून सांगितलेलं, "मॅडम, अण्णापुढं कॅन्सरचं नाव काढू नका, हाय खातील." त्यामुळे राऊंड त्या खाटेपाशी अर्ध्या मिनिटात उरकायचा. एवढे शेक घेतलेल्या माणसाला काहीच कळलं नसेल, असं सगळ्यांनी धरून चाललेलं!

मी म्हटलं, मी अण्णा होते, तू डॉक्टर हो. "डॉक्टर, मी बरा होतो का?" तिनं लगेच सांगितलं, "काळजी करू नका, सगळं ठीक होईल." मी विचारलं, "कधी?" ती गप्प.

चार वेळा केलं. चौथ्यांदा तिनं आधी स्टूल ओढलं आणि विचारलं, "अण्णा, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?" मग थांबली. ते थांबणंच सगळ्यांत अवघड जातं. हुशार मुलांना जरा जास्तच, कारण उत्तर लगेच द्यायची सवय असते. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य आणि नीतिमूल्यांसाठी 'ॲटकॉम' हा भाग आलाय. चांगलं झालं. पण पोहणं जसं फळ्यावर शिकता येत नाही तसं हेही.

दुसऱ्या दिवशी ती खरंच स्टूल घेऊन बसली. अण्णा हळूहळू बोलले, "माय, मला ठाऊक हाय. पोरायला म्हणू नको. धाकट्याच्या नावावर दीड एकर करायचं राहिलंय. रातच्याला लई ठणकतं. आन् वासानं नात जवळ येईना."

'करू काय' म्हणणारीच्या हाती तीन कामं आली.

दुखण्याचं आधी. कागदावर मॉर्फिन हे जोरकस वेदनाशामक होतं, पण 'दुखलं तर' म्हणून. ते देतानाही हिला धास्ती, सवय लागेल, श्वास थांबेल. हे माझं क्षेत्र नव्हे, म्हणून भूलतज्ज्ञ सरांकडे गेलो. त्यांनी समजावलं, मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर चारेक तास टिकतो. दुखणं परतायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्यायची. लहान मात्रेपासून बेतानं वाढवत नेली तर कॅन्सरच्या दुखण्यात व्यसन क्वचित लागतं, श्वासाचा धोकाही कमीच राहतो. बद्धकोष्ठता मात्र ठरलेली, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. झोपताना दुप्पट मात्रा दिली की मध्यरात्री उठवावं लागत नाही. गिळवत नसेल तर हीच गोळी कुटून नाकातल्या नळीवाटे देता येते. वासासाठी ड्रेसिंग करताना जखमेवर मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाच्या गोळ्यांची पूड. काही दिवसांत वास उतरला. नात खाटेच्या पायथ्यापर्यंत आली, पुढं नाही.

थोरल्याशी अण्णांना विचारूनच बोललो. तिनं सांगितलं, "न विचारता मी काही त्यांच्या अंगावर टाकणार नाही. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही." तो चिडला. दोन दिवस तिच्याकडं बघितलं नाही त्यानं. तिसऱ्या दिवशी तहसीलच्या कागदांबद्दल बापाशी तोच बोलत बसलेला दिसला.

अण्णांना घरी जायचं होतं. त्यांच्या पत्नीला, काकूंना, वाचता येत नव्हतं. हिनं पुठ्ठ्यावर सूर्य, भाकरी, चंद्र काढून गोळ्यांच्या वेळा दाखवून दिल्या.

आठवड्यानं माझ्याकडं बसलेली असताना तिचा फोन वाजला. काकू होत्या. "बाई, चंद्राच्या गोळीनं रातभर निजत्यात. मधी उठवू का?"

"नका उठवू काकू. पण सकाळी हाक मारल्यावर नीट जागे होतात ना? बोलतात ना?" मग बराच वेळ ती नुसतं ऐकत राहिली.