पगाराला 83 ने गुणण्याआधी

अगं पोरी,

तुझा मेसेज वाचला. अमेरिकेतल्या ईएमटीच्या, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये तातडीचे उपचार करणाऱ्याच्या, डॉलरमधल्या पगाराला 83 ने गुणून तू लिहिलंस, "काका, तिकडे महिन्याला पावणेतीन लाख मिळतात आणि मी इथे 108 च्या अ‍ॅम्ब्युलन्सवर बारा बारा तास." पगार कमी आहे यात वाद नाही, तुझं काम मी बघितलंय. पण हा हिशोब अर्धाच झालाय.

वर्षाला 38,930 डॉलर हा मे 2023 चा तिथल्या ईएमटींचा मधला पगार, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमीच. त्याच वेळी सगळ्या नोकऱ्यांचा मधला आकडा होता 48,060. जीव वाचवणारा माणूस तिकडेही इतर नोकरदारांच्या मागेच आहे गं, मला याचा फार राग येतो.

आता खरेदीचं बघ. वर्ल्ड बँकेच्या पीपीपी, म्हणजे पैशाच्या खरेदीच्या ताकदीच्या, हिशोबात अमेरिकेत एका डॉलरला जेवढं येतं तेवढं भारतात साधारण 20 रुपयांत येतं. तुझा पगार 20 हजार धरला तर तू धरलेल्या 83 च्या रेटने ते 240 डॉलर, पण मांडवीच्या बाजारात ते हजार डॉलरचं काम करतात, म्हणजे तिकडच्या पगाराशी फरक साडेतेरा पट नाही, सव्वातीन पट. तोही मोठाच आहे. आणि भाजी, रिक्षा, भाडं इथे स्वस्त असलं तरी फोन नि लॅपटॉप जगाच्याच भावात मिळतात, त्यामुळे तुला तो फोनचा हप्ता इतका जड जातो.

म्हणून पगाराचे दोन भाग कर. तिथे खर्च होणारा भाग तिथल्या भाड्या-किराण्यात मोज आणि घरी पाठवणार तेवढाच बँकेच्या रेटने गुण. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या बँड 6 या पगारश्रेणीचा पॅरामेडिक (ईएमटीच्या वरचा) 2024-25 ला वर्षाला 37,338 पौंडांवर सुरू व्हायचा, टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स, पेन्शन कापून महिन्याला 2,300 च्या आसपास हातात, त्यातून भाडं. आणि नवा माणूस आधी बँड 5 वर, तेही एचसीपीसी या तिथल्या नोंदणी संस्थेचं रजिस्ट्रेशन झाल्यावर, जे आता डिग्री लेव्हलचं आहे, नुसत्या 108 च्या ट्रेनिंगवर मिळत नाही.

दुबईत पगारावर इन्कम टॅक्स नाही, तिथला दिरहम एका डॉलरला 3.6725 या भावाने बांधलेला, आणि राहायची सोय कंपनीने दिली तर बराचसा पैसा घरी येतो. तुमचं वाडीतलं घर स्वतःचं, भावाची फी इथेच भरायची, तेव्हा मला विचारशील तर कागदावर लहान दिसणारा दुबईचा पगार तुझ्यासाठी इंग्लंडपेक्षा बरा ठरू शकतो. फक्त ऑफर लेटरमध्ये बेसिक किती, ड्युटीचे तास किती, ओव्हरटाइमचे पैसे वेगळे की त्यातच, परतीचं तिकीट कोणाचं, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नकोस आणि पासपोर्ट कोणाच्या ताब्यात देऊ नकोस. रविवारी आईला घेऊन ये, कागद घेऊन बसू.

तुझा काका