स्वतःचा मेमरी पूल काढून टाक, कर्नलचा आहे तो पुरेसा आहे

भाऊ, तुझा लिनक्स कर्नलसाठीचा (सिस्टिमच्या गाभ्यासाठीचा) ड्रायव्हर सगळा वाचला. यावलकडच्या केळीबागेतल्या ओलाव्याच्या सेन्सरची नोंद यूएसबीवरून घ्यायची, काम एवढंच. त्यासाठी तू स्वतःचा मेमरी पूल (आधीच घेऊन ठेवलेला मेमरीचा साठा), त्याची फ्री लिस्ट (मोकळ्या तुकड्यांची यादी), तिच्यावर स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) आणि मेमरी मिळेपर्यंत फिरत राहणारा लूप असं सगळं उभं केलंयस. हा पूल आणखी जलद कसा करायचा, असं तू विचारलंस. माझं म्हणणं, तो काढूनच टाक.

एकतर तो जलद नाहीच. कर्नलचा मेमरी वाटणारा भाग, म्हणजे स्लब अ‍ॅलोकेटर प्रत्येक सीपीयूसाठी मोकळी जागा वेगळी राखून ठेवतो, त्यामुळे बहुतेक वेळा लॉक घ्यावंच लागत नाही. तुझ्या पूलमध्ये मात्र सगळे सीपीयू एकाच लॉकपाशी अडतात. पण खरं नुकसान वेगळंच आहे. केएसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं) आणि केमेमलीक (परत न केलेली मेमरी शोधणारं) ही साधनं कर्नलने दिलेली आणि परत घेतलेली मेमरी ओळखतात. तू एक मोठा तुकडा घेऊन त्याचे तुकडे स्वतः वाटतोस, तेव्हा परत केलेल्या नोंदीवर कुणी लिहिलं तरी केएसॅनला तो तुकडा वापरातच दिसतो. बग समोर असूनही अहवाल येत नाही.

कर्नलवाल्यांनी स्वतःच्या घरात हेच केलं, जास्तीचं काढून टाकलं. एकेकाळी तिथे स्लॅब, स्लॉब आणि स्लब असे तीन अ‍ॅलोकेटर होते. स्लब २००७ मध्ये आला. स्लॉब २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत गेला आणि जुना स्लॅब २०२४ मध्ये ६.८ मध्ये. स्लॉब गेल्याचा तुला थेट फायदा आहे: केमेम_कॅशमधून (एकाच मापाच्या वस्तूंसाठीच्या वेगळ्या साठ्यातून) घेतलेली वस्तूही आता केफ्रीने (मेमरी परत करायच्या नेहमीच्या फंक्शनने) परत करता येते.

तुझी नोंद ७२ बाइटची. लॅपटॉपवर केमॅलॉक (मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) तिला ९६ बाइटच्या खणात टाकतो, काही एआरएम बोर्डांवर १२८ च्या. ४०९६ बाइटच्या पानात ९६ च्या हिशोबाने ४२ नोंदी बसतात, नेमक्या ७२ च्या केमेम_कॅशमध्ये ५६. एका वेळी हजारो नोंदी जिवंत राहणार असतील तरच वेगळा कॅश कर. शे-दोनशे असतील तर साधा केझॅलॉक (शून्यांनी भरलेली मेमरी देणारा केमॅलॉक) लाव आणि पुढे हो.

लूपही काढ. मेमरी मागताना जीएफपी_कर्नल हा पर्याय दिल्यावर कर्नल स्वतः मेमरी मोकळी करून पुन्हा प्रयत्न करतो. प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये) तोच वापर. यूआरबी (यूएसबीवरची एक मागणी) पूर्ण झाल्यावर कर्नल बोलावतो त्या कॉलबॅकमध्ये झोपता, म्हणजे थांबून राहता येत नाही, म्हणून फक्त तिथे न थांबणारा जीएफपी_अ‍ॅटॉमिक. तू तो सगळीकडे लावलायस, त्यामुळे राखीव मेमरी विनाकारण खर्ची पडते.

आता सगळ्यात धोक्याची ओळ. आयोक्टलमधून (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेल्या आज्ञेतून) आलेली संख्या तू थेट १६ ने गुणून केमॅलॉकला देतोस. तुझा बोर्ड ३२ बिटचा आहे. कुणी २६,८४,३५,४५७ अशी संख्या पाठवली तर गुणाकार ३२ बिटांत मावत नाही आणि उरतात फक्त १६ बाइट. मेमरी मिळते १६ बाइट आणि तुझा कोड त्यात कोट्यवधी नोंदी लिहायला निघतो. केकॅलॉक लाव, तो गुणाकार तपासतो आणि मावत नसेल तर नल (रिकामा पत्ता) देतो. हेडरच्या मागे अ‍ॅरे असेल तिथे माप काढायला स्ट्रक्ट_साइझ. संख्येला वरची मर्यादा मात्र तूच घालायचीस.

प्रोबमधल्या, चूक झाल्यावर मेमरी परत करणाऱ्या तीन गोटू लेबलांऐवजी डेव्हएम_केझॅलॉक (मेमरी आपोआप परत करणारा) वापर, असं कुणीही सांगेल. तात्पुरत्या बफरांसाठी मीही तेच सांगेन. डिव्हाइसची माहिती ठेवणाऱ्या मुख्य स्ट्रक्टसाठी नको. डेव्हएमची मेमरी ड्रायव्हर सुटताक्षणी परत जाते, कुणी फाइल उघडून बसलेलं असलं तरी. प्रोग्रॅम वाचत असताना केबल निघाली की पुढचा रीड मोकळ्या झालेल्या मेमरीवर जातो. आपल्याकडे पंपघरात लाइट जाते-येते, वायरी सैल होतात, हब मध्येच बंद पडतो. डिस्कनेक्टचा मार्ग तिथे दिवसातून कितीदाही चालेल. म्हणून त्या स्ट्रक्टला केरेफ (वापरणारे किती ते मोजणारा आकडा) दे, ओपनमध्ये वाढव, रिलीज आणि डिस्कनेक्टमध्ये कमी कर, शेवटचा सोडेल तो केफ्री करेल. डिस्कनेक्ट झाल्याची खूण स्ट्रक्टमध्ये ठेव आणि रीडमध्ये लॉक घेऊन ती आधी तपास. इथे चार ओळी जास्त लागल्या तरी लागू देत.

मेमरी मिळाली नाही म्हणून छापलेले संदेशही काढ, कर्नल स्वतःच स्टॅक छापतो. केफ्रीच्या आधीची नल तपासणीही नको, केफ्रीला नल चालतो.

एकेक बदल वेगळ्या पॅचमध्ये कर: आधी गुणाकार, मग केरेफ, मग पूल. प्रत्येक पॅचनंतर फेलस्लॅब चालू करून प्रोब आणि डिस्कनेक्ट फिरव. तो मुद्दाम मेमरी नाकारतो, म्हणून एरवी कधीच न चालणारे त्रुटीचे मार्गही चालतात. सोबत केएसॅन चालू ठेव आणि त्याचा अहवाल आला तर तो पूर्ण इथे टाक, फक्त शेवटच्या दोन ओळी नको.