लढवय्या की हुकूमदार?

प्रश्न : सीताबर्डीच्या लढाईवर (नागपूरकर भोसले विरुद्ध इंग्रज, नोव्हेंबर १८१७) टेबलावरचा युद्धखेळ रचतोय. प्रत्येक सरदाराला फाशावर +२ दिले, पण सगळे सारखेच वाटतात. – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : +२ फारच झाले. ५-६ ला लागणारा वार मग ३ पासून लागतो. शक्यता थेट दुप्पट. सीताबर्डीच्या दोन टेकड्यांपैकी लहान टेकडी घेणाऱ्या भोसल्यांच्या अरब शिपायांना लढवय्या नायक द्या : सोबत असताना +१, मात्र तुकडीची सोंगटी पडली की दोन फासे टाका, बेरीज ४ किंवा कमी आली तर नायक ठार. (हा धोका नसेल तर खेळाडू त्याला कायम पुढेच दामटतो.) भोसल्यांचा सेनापती हुकूमदार करा : झुंजीत शून्य, पण दर फेरीला ३ हुकूम, पल्ला ३० सेंमी. पल्ल्याबाहेरच्या तुकडीला हलायला फाशावर ४ किंवा जास्त हवेत. हुकूम तुकड्यांच्या निम्मेच ठेवा, नाहीतर निवड करायला काही उरत नाही.