एंट्री-लेव्हल ऑडिओफाइल हेडफोन रोजच्या वापरात कसा वाटतो? त्यासाठी वेगळा अ‍ॅम्प (आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) घ्यावाच लागतो का?

तुमचा प्रश्न असा की वीस हजारांच्या आत पहिला ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाच्या दर्जासाठी बनवलेला, हेडफोन घ्यायचा आहे, ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि जुनी गाणी, तेही फोनवरून. मग साध्या इअरबडपेक्षा फरक कळेल का, अ‍ॅम्प लागेल का आणि वस्तू किती टिकेल? मी गेली काही वर्षं सेनहायझरचा एचडी ५६०एस वापरतोय. २०२० साली आलेला हा हेडफोन या गटात बऱ्याच जणांचा पहिला असतो, म्हणून त्याच्याच आधारे सांगतो.

फरक कळतो, अगदी स्पष्ट कळतो. पण हेडफोनच्या आधी तुमच्या घरातल्या आवाजांचा विचार करा. हा ओपन-बॅक हेडफोन आहे, म्हणजे कपांची बाहेरची बाजू बंद नसते, तिथे जाळी असते. सेनहायझरनेच १९६८ मध्ये पिवळ्या फोमच्या एचडी ४१४ने असा हेडफोन पहिल्यांदा बाजारात आणला. फायदा हा की कान कोंडल्यासारखे होत नाहीत आणि गाणं डोक्याच्या मधोमध न अडकता थोडं मोकळं, आजूबाजूला पसरलेलं वाटतं. तोटाही त्याच जाळीचा. कुकरची शिट्टी, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, शेजारचा टीव्ही सगळं आत येतं, आणि तुमचं गाणं त्याच खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू जातं. वन-बीएचकेमध्ये राहत असाल तर हे घरच्यांशी बोलून घ्या.

माझं ऐकणं त्यामुळे रात्री जेवणं आवरल्यावरच होतं. दार लावायचं, पंखा पाचवरून दोनवर आणायचा. मे महिन्यात हे जड जातं, तरी मी करतो, कारण पंख्याची घरघर नेमकी तानपुऱ्याच्या खालच्या सुरांवर बसते आणि मग तुम्ही पैसे कशासाठी दिले तेच ऐकू येत नाही.

तानपुऱ्यावर जरा थांबतो, कारण मला या हेडफोनची खरी किंमत तिथेच कळली. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात. त्यामुळे तार घोडीच्या पृष्ठभागाला निसटता स्पर्श करत कंप पावते आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे अंशस्वर, म्हणजे त्याच्या पटीतले सूर, उठतात. खर्जाच्या तारेचा पाचवा अंशस्वर म्हणजे गंधार. तो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो, तरी सुरेल तानपुऱ्यात आपोआप ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. साध्या इअरबडमध्ये खालचा बास फुगवलेला असतो, त्याखाली हे सगळं दबतं आणि तानपुरा म्हणजे मागे चाललेला एक गुणगुणाट उरतो. ५६०एसवर पंचम, जोड, खर्ज या तारा वेगवेगळ्या छेडलेल्या कळतात, दोन तानपुरे असतील तर डावा-उजवा कळतो, आणि शांत खोलीत तो गंधारही सापडतो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जवारीसाठी कान तयार केले, ती घरबसल्या इतक्या जवळून ऐकता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आणि हो, मैफलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला असेल तर तेही लगेच कळतं, तेच आवर्तन तसंच्या तसं फिरत राहतं.

तबल्यात डग्ग्याची मींड, म्हणजे मनगट दाबत नेल्यावर तो जो ‘घुं’ वर चढतो, ती नीट ऐकू येते. गायकाचा श्वास, सम यायच्या आधी संवादिनीवाल्याने धरलेला सूर, समोरच्या रांगेतली दाद, यांच्या जागा कळू लागतात.

आता जे मिळत नाही ते. ढोल-ताशा किंवा नाचाच्या गाण्यांत छातीत धडकणारा ठोका हवा असेल तर हा हेडफोन तुमचा नाही. बास खोलवर जातो, पण तो ऐकू येतो, अंगावर येत नाही. वरचे सूर थोडे टोकदार आहेत. ‘स’ आणि ‘श’ कानाला लागतात, विशेषतः ज्या रेकॉर्डिंगमध्ये ते मुळातच तीक्ष्ण आहेत तिथे. त्यासाठी इक्वलायझर (वरचे-खालचे सूर कमी-जास्त करायची सोय) वापरायला अजिबात कचरू नका. अँड्रॉइडवर वेव्हलेट नावाचं अ‍ॅप आहे, त्यात ऑटोईक्यू प्रकल्पाच्या मापांवरून बऱ्याच हेडफोनांच्या दुरुस्त्या तयार मिळतात. मॉडेल निवडलं की झालं.

जुन्या गाण्यांबद्दल मात्र अपेक्षा वेगळी ठेवा. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची, आणि वरचे सूर तिच्यात मुळातच फारसे उतरलेले नसतात. हेडफोन ते निर्माण करू शकत नाही. उलट खरखर जास्त स्पष्ट होते. कॅसेटवरून यूट्यूबवर चढवलेल्या मैफलींचंही तसंच, सूं सूं आवाज आधी कानावर येतो. मी तरी अशा गोष्टी सोडलेल्या नाहीत. थोड्या वेळाने खरखर मागे पडते आणि गळा पुढे येतो. पण एकाच मैफलीच्या दोन प्रती मिळत असतील तर चांगली प्रत शोधायला वेळ द्या. ३२० केबीपीएस (दाबून लहान केलेली फाइल) आणि लॉसलेस (काहीही न गाळलेली फाइल) यांत डोळे मिटून फरक ओळखणं बहुतेकांना जमत नाही, पण चांगली प्रत आणि वाईट प्रत कुणालाही ओळखता येते.

अ‍ॅम्पचं उत्तर: तुमच्या वापरासाठी नको. या हेडफोनचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) १२० ओहम आहे, तो आकडा बघून लोक घाबरतात. पण कंपनीच्या माहितीच्या त्याच तक्त्यात दुसरा आकडा असतो, १ व्होल्टला ११० डेसिबल. फोनला लावायचा बोटभर टाइप-सी डॅक डोंगल (डिजिटल गाण्याचं हेडफोनला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा छोटा जोड) साधारण १ व्होल्ट देत असेल, तर आवाजाचं शिखर ११० डेसिबलपर्यंत जातं. ख्यालाच्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी आवाज शिखरापेक्षा पंधरा-वीस डेसिबल खाली असतो असं धरलं, तरी नव्वद किंवा त्याच्या वर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मर्यादेप्रमाणे ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. म्हणजे डोंगल पूर्ण चढवून ऐकायची वेळच येऊ नये. काही डोंगल काही अँड्रॉइड फोनांवर फार हळू वाजतात, म्हणून परत करता येईल असा घ्या आणि पहिल्याच दिवशी लावून बघा. अ‍ॅम्पचे पैसे वाचवा. तेवढ्यात एखाद्या चांगल्या संगीत महोत्सवाची तिकिटं येतात, आणि प्रत्यक्ष ऐकलेला तानपुरा कानात असला की हेडफोनवरचा जास्त कळतो.

रोजच्या वापरातल्या काही अडचणी कुणी आधी सांगत नाही. पकड सुरुवातीला घट्ट असते. चष्मा असेल तर काड्या कानशिलावर रुततात. रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवला की हळूहळू सैल होतो. वजन २४० ग्रॅम, त्यामुळे मानेला त्रास नाही. वायर तीन मीटर आणि टोकाला जाड ६.३ मिलिमीटरची पिन. सोबत ३.५ची अ‍ॅडॉप्टर वायर येते, पुढे डोंगल, मग फोन. एवढं लटांबर घेऊन घरात फिरता येत नाही, आणि खुर्चीच्या चाकाखाली वायर येते. मी एकाच जागी बसतो, फोन टेबलावर. माइक नाही, म्हणून ऑफिसच्या कॉलला उपयोग नाही. लोकलमध्ये तर नाहीच नाही.

तुमचं बरंचसं ऐकणं प्रवासात किंवा ऑफिसात होणार असेल तर ५६०एस घेऊ नका. बंद कपांचा ऑडिओ-टेक्निका एम४०एक्स बघा. तो ३५ ओहमचा आहे, फोनवर सहज वाजतो, बाहेर आवाज सोडत नाही. तानपुरा तेवढा मोकळा वाटणार नाही, पण निदान ऐकू येईल. आणि वीस हजार खर्च करायचे की नाही याचीच खात्री नसेल, तर १९८४ पासून विकला जाणारा कॉसचा पोर्टा प्रो बऱ्याच कमी पैशांत आधी घेऊन बघा. तोही ओपन आहे. तुमच्या घरात मोकळ्या हेडफोनवर ऐकणं जमतं का, हे त्यावरून कळेल.

टिकण्याचं म्हणाल तर बिघडण्यासारखं यात फार काही नाही. वायर निघते, तुटली तर नवी लावता येते, फक्त हेडफोनकडचं टोक २.५ मिलिमीटरचं आणि फिरवून बसणारं आहे, तसंच घ्या. पॅड वेलोरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे आहेत. कृत्रिम चामड्यासारखे त्यांचे पोपडे निघत नाहीत, पण घाम आणि केसांचं तेल शोषतात, आणि फोम बसला की कान आतल्या पडद्याच्या जवळ जाऊन आवाजच बदलतो. आवाज पूर्वीपेक्षा वेगळा वाटू लागला तर हेडफोनला दोष देण्याआधी पॅड बदला. तेल लावून ऐकायला बसू नका. पावसाळ्यात उघड्यावर टांगून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात ठेवा, आणि पॅड कोमट पाण्यात धुतलेच तर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.