गरोदरपणात घरातच कांजिण्या आल्या, पोटातल्या बाळाला धोका किती?

तुमचा अकरावा आठवडा चालू आहे, मोठ्या मुलाला काल कांजिण्या उठल्या, तुम्हाला लहानपणी झाल्या होत्या का ते आठवत नाही आणि बाळात व्यंग येईल का, ही भीती आहे.

आईला १२ आठवड्यांच्या आत कांजिण्या झाल्या तर बाळात व्यंग येण्याचं प्रमाण सुमारे ०.४ टक्के आहे. १३ ते २० आठवड्यांत ते २ टक्क्यांच्या आसपास जातं, पुढे जवळजवळ उरत नाही. व्यंग म्हणजे त्वचेवर व्रण, खुरटलेला हात किंवा पाय, डोळ्यांचे वा मेंदूचे दोष. हे आकडेही प्रत्यक्ष कांजिण्या झालेल्या बायकांचे, नुसत्या संपर्कात आलेल्यांचे नाहीत. माझ्या मते इथे बाळापेक्षा जास्त जपायचंय तुमच्या फुप्फुसांना, कारण गरोदरपणात कांजिण्यांचा न्यूमोनिया गंभीर होऊ शकतो.

मुलाला आता वेगळ्या खोलीत ठेवून फारसं साधणार नाही. पुरळ दिसायच्या १-२ दिवस आधीपासूनच विषाणू पसरतो. त्याऐवजी आज-उद्यातच व्हॅरिसेला आयजीजी ही रक्ततपासणी करा. तिच्यात कांजिण्यांविरुद्धच्या टिकाऊ अँटीबॉडी (रक्तातली संरक्षक प्रथिनं) आहेत का ते कळतं. ती लवकर केली की पॉझिटिव्ह निघालेलं आयजीजी जुनंच, म्हणजे तुम्ही सुरक्षित. दोन आठवडे घालवलेत तर ते जुनं की नवं हेच कळत नाही. आठवत नाही म्हणणाऱ्या अनेक जणींच्या रक्तात अँटीबॉडी सापडतात, पण उष्ण प्रदेशांत मोठेपणी कांजिण्या होणारेही बरेच असतात, तेव्हा गृहीत धरू नका.

निगेटिव्ह आली तर व्हॅरिसेला झोस्टर इम्युनोग्लोब्युलिनचं (कांजिण्यांविरुद्धच्या तयार अँटीबॉडींचं) इंजेक्शन, शक्यतो ९६ तासांत, फार तर १० दिवसांत. दिवस मोजताना पुरळाच्या आधीचे दोन दिवसही धरा. काही देशांत त्याऐवजी संपर्कानंतरच्या ७व्या ते १४व्या दिवसापर्यंत असायक्लोविर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या देतात. कांजिण्यांची लस मात्र आता घ्यायची नाही, तिच्यात जिवंत विषाणू असतो.

एरवी पुरळ १० ते २१ दिवसांत उठतं, इंजेक्शन घेतल्यावर २८ दिवसांपर्यंतही. पहिला फोड दिसला की २४ तासांत असायक्लोविर सुरू व्हायला हवं. इंजेक्शनचा तेव्हा उपयोग नसतो. दवाखान्यात जाण्याआधी फोन करून सांगा, नाहीतर बाहेर बसलेल्या दुसऱ्या गरोदर बायकांना लागण होईल. तापाला पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन मात्र नको. धाप लागली, छातीत दुखलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. बाळाची तपशीलवार सोनोग्राफी मात्र लगेच करून काही दिसत नाही. ती संसर्गानंतर किमान ५ आठवड्यांनी, १६ ते २० आठवड्यांच्या सुमारास करतात.

(नववा महिना चालू असलेल्या कुणी हे वाचत असेल तर हिशोब वेगळा. प्रसूतीच्या ५ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत आईला पुरळ उठलं तर बाळाला अँटीबॉडी मिळायच्या आतच विषाणू मिळतो. तेव्हा इम्युनोग्लोब्युलिन बाळालाही द्यावं लागतं.)

व्यंगाची एवढी धास्ती मुळात रुबेलामुळे (जर्मन गोवरामुळे) बसली आहे. १९४१मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी बाळांमधला जन्मजात मोतीबिंदू आणि आईचा रुबेला यांचा संबंध दाखवला. पहिल्या १२ आठवड्यांत तो झाला तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. २० आठवड्यांनंतर व्यंग क्वचितच येतं. विषाणू बदलला की गणित असं पार बदलतं.

घरात लहान मूल असेल तर ज्याचं नाव कुणी घेत नाही त्या सायटोमेगॅलोव्हायरसलाही सांभाळा. जन्मजात संसर्गांत तोच सर्वांत जास्त आढळतो आणि त्यानं बाळाचं ऐकणं जाऊ शकतं. तो लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून येतो. मुलाचा उष्टा चमचा तोंडात घालू नका, पापी कपाळावर घ्या, लंगोट बदलल्यावर साबणानं हात धुवा.

आणि कुणी सरसकट टॉर्च तपासणी (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांची एकत्रित रक्ततपासणी) करायला लावून त्यात रुबेला किंवा सायटोमेगॅलोचं आयजीएम (नव्या संसर्गात आधी दिसणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं, तर तेवढ्यावर गर्भपाताचा निर्णय घेऊ नका. आयजीएम खोटं पॉझिटिव्ह येतं, महिनोन्‌महिने रेंगाळतंही. आधी आयजीजी ॲव्हिडिटी (अँटीबॉडी विषाणूला किती घट्ट चिकटते याची तपासणी) करून घ्या: अकराव्या आठवड्यात ती जास्त निघाली, तर संसर्ग बहुधा दिवस राहण्याआधीचा असतो.