एकवाक्यता: मत एक की वाक्य एक?

एका वाचकाने विचारलं आहे: व्याख्यानाच्या पत्रिकेत ‘उपनिषदांतील सृष्टिकथांची एकवाक्यता’ असा विषय छापलाय. कथा तर एकमेकींशी जुळत नाहीत, मग एकवाक्यता कसली? ‘समन्वय’ म्हणायचं होतं का?

शब्द बरोबर आहे. आड येते ती आपली सवय. ‘साक्षीदारांच्या जबान्यांत एकवाक्यता नाही’, ‘जागावाटपावर एकवाक्यता झाली’ असं वाचून वाचून एकवाक्यता म्हणजे एकमत हे आपण धरूनच चालतो. पण मग शब्दात ‘वाक्य’ कुठून आलं?

ते आलं मीमांसेतून, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्रातून. त्या शास्त्राचे सूत्रकार जैमिनी यांचं सूत्र आहे, ‘अर्थैकत्वादेकं वाक्यं साकाङ्क्षं चेद्विभागे स्यात्’. पदांचं प्रयोजन एक असेल आणि सुटी केल्यावर ती अपुरी पडत असतील, तर ते एक वाक्य. पुढे हीच कसोटी अख्ख्या वाक्यांनाही लागली. दोन वाक्यांचं एकमेकांवाचून अडत असेल, तर ती दोन मिळून एकच. दोन्ही सारखी असायची गरज नाही. उलट तंतोतंत सारखी असतील तर एकाचं दुसऱ्यावाचून अडेल कशाला?

आता सृष्टिकथा. तैत्तिरीय उपनिषद म्हणतं, ‘आत्मन आकाशः सम्भूतः’, आत्म्यापासून आकाश झालं. आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी. छांदोग्य उपनिषदात या ठिकाणी आकाश नाही, वायूही नाही. थेट ‘तत्तेजोऽसृजत’, त्याने तेज निर्माण केलं. प्रश्नोपनिषदात आधी प्राण, आणि प्राणापासून चक्क श्रद्धा! उपनिषदांच्या अर्थाची संगती लावणाऱ्या ब्रह्मसूत्रांत दुसऱ्या अध्यायाचा तिसरा पाद (उपविभाग) या भांडणानेच उघडतो. ‘न वियदश्रुतेः’: आकाश उत्पन्न होत नाही, कारण श्रुतीत तसं नाही. त्यावर दोनच शब्दांत उत्तर, ‘अस्ति तु’. आहे की!

या सूत्रांवरच्या भाष्यातला शंकराचार्यांचा तोडगा मला आवडतो, कारण तो शब्दांना धरून आहे. छांदोग्याच्या वाक्यात क्रम सांगणारा शब्दच नाही. ‘सर्वांत आधी तेज’ हे ऐकणाऱ्याने जोडलेलं. तैत्तिरीयात मात्र ‘वायोः’ (वायूपासून) ही पंचमी धडधडीत आहे. धाकटा म्हणाला, ‘आईने भाकऱ्या केल्या.’ थोरली म्हणाली, ‘आधी पिठलं केलं, मग भाकऱ्या.’ यात खोटं कोण बोललं? धाकट्याने पिठलं सांगितलं नाही, इतकंच.

सगळ्याच कथा इतक्या सहज बसत नाहीत, हे आचार्यांनाही ठाऊक होतं. पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादावरच्या भाष्यात ते म्हणतात की क्रमाबाबत ‘विगान’ असलं तरी स्रष्ट्याबाबत ते नाही. विगान! वेगळ्या सुरात गाणं. मराठीत हा शब्द रुळला नाही याची मला खरोखर हळहळ वाटते. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू मानले जाणारे गौडपाद तर त्याही पुढे जातात: माती, लोह, ठिणग्या असे दाखले देऊन निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलेली सृष्टी हा केवळ ‘उपायः सोऽवताराय’, अवतारासाठीचा उपाय. इथला अवतार दशावतारातला नव्हे. मूळ अर्थ उतरणं; इथे बुद्धीने आत उतरणं. म्हणजे कथा वेगळ्या राहिल्या तरी चालतात, त्यांचं प्रयोजन एक असलं की झालं. पत्रिकेतली एकवाक्यता ती ही.

‘समन्वय’ही याच घराण्यातला. ‘तत्तु समन्वयात्’ हे ब्रह्मसूत्रांतलं चौथंच सूत्र, आणि पहिल्या अध्यायाचं नावही समन्वय. (आकाशाचं भांडण मात्र ‘अविरोध’ नावाच्या दुसऱ्या अध्यायात.) तेव्हा तो शब्दही चुकला नसता. पण आज ‘समन्वयक’ म्हटलं की सभागृहाची किल्ली आणि माईक सांभाळणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. छापलंय तेच राहू द्या.