संप बंद, पण बदल्यात काय?

प्रश्न : नमस्कार. मी जि.प. शाळेत शिक्षक, 2006 ची नेमणूक, म्हणजे जुनी पेन्शन थोडक्यात हुकलेला. मार्च 2023 च्या संपात सातही दिवस बाहेर होतो, घरी रोज एकच प्रश्न की सर्व्हिस बुकात खंड पडला तर काय. माझा भाचा जर्मनीत कोलोनला असतो. तो सांगतो, मामा, आमच्या पोरीच्या शाळेत शिक्षक एक दिवस संपावर गेले, दुसऱ्या दिवशी हजर, नोटीस नाही काही नाही. पण त्याच शाळेतले बरेच शिक्षक त्या दिवशी गपचूप वर्ग घेत होते म्हणे. हे काय प्रकरण? तिकडे सरकारी नोकराला खरंच संपाचा हक्क असतो का?
— एक शिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, भाचा बरोबर सांगतोय, फक्त त्याने अर्धीच गोष्ट पाहिली. जर्मनीत एकाच स्टाफरूममध्ये दोन प्रकारचे शिक्षक बसतात. एक 'बेआम्टे', म्हणजे आजन्म नेमणूक, पेन्शनसाठी पगारातून दमडी कापली जात नाही, पण संप केला की शिस्तभंग. दुसरे करारावरचे, ते युनियनच्या हाकेवर उघड संप करतात, तो दिवस पगार जातो, बाकी काही नाही. शिकवतात तेच, मुलंही तीच. 2009-10 च्या सुमारास काही बेआम्टे शिक्षक तरीही संपात गेले, दंड झाला, प्रकरण घटना न्यायालयात हरले (2018) आणि मग युरोपच्या मानवी हक्क न्यायालयातही हरले, डिसेंबर 2023 मध्ये.

आता तुम्ही म्हणाल मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय. फरक इथेच आहे आणि माझं तर मत आहे की 'संपाचा हक्क आहे की नाही' हा प्रश्नच आपण अर्धवट विचारतो, खरा प्रश्न असा की हक्क काढून घेतला तर बदल्यात हातात काय ठेवलं. जर्मनीत बेआम्टेला साजेसा पगार देणं हे सरकारवर घटनेनेच बंधन आहे, आणि ते नुसतं कागदावर नाही. बर्लिनच्या न्यायाधीशांना काही वर्षं पगार कमी दिला म्हणून घटना न्यायालयाने 2020 मध्ये तो पगारच घटनाबाह्य ठरवला, आणि सगळ्यात खालच्या बेआम्टेच्या हातात सुद्धा सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबापेक्षा किमान 15 टक्के जास्त पडलेच पाहिजेत अशी रेघ तेव्हा मारली. म्हणजे संप नाही, पण कोर्टात जाऊन पगार मागता येतो. शिवाय 1993 चा एक निकाल असा की करारवाले संपावर गेले तर कायद्यात तशी तरतूद नसताना त्यांच्या जागी बेआम्टेंना जुंपता येत नाही.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. केंद्र सरकारच्या नोकराला तिथे संप बंदच. 1981 च्या ऑगस्टमध्ये विमानतळांवरचे एअर ट्रॅफिक कंट्रोलर संपावर गेले, राष्ट्राध्यक्ष रेगननी 48 तासांची मुदत दिली आणि मग 11 हजारांहून जास्त जणांना एका झटक्यात काढलं. न्यूयॉर्क राज्याचा 1967 चा कायदा बघा, एक दिवस संप केला की दोन दिवसांचा पगार कापतात. डिसेंबर 2005 मध्ये ऐन नाताळच्या तोंडावर तिथले मेट्रो-बसवाले बाहेर पडले, तिसऱ्या दिवशी परत आले, युनियनला 25 लाख डॉलर दंड आणि अध्यक्षाला जेल. पण त्याच कायद्यात 1982 ला एक कलम आलं की करार संपला तरी नवीन होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतील, मालकाला वाटेल तशी काटछाट करता येणार नाही. (युनियनने संप केला तर मात्र हे कवच जातं.) हिशोब रोखठोक आहे, आवडो न आवडो.

फ्रान्समध्ये 1946 पासून संपाचा हक्क घटनेच्या सरनाम्यात आहे, शिक्षक, टपालवाले, नर्स सगळे करतात, पाच दिवस आधी नोटीस द्यायची की झालं. गंमत म्हणजे केंद्राचा नोकर तासभर जरी संपावर गेला तरी पगाराचा तिसावा हिस्सा, म्हणजे अख्खा दिवस कापतात, त्यामुळे तासाचा संप कोण करतंय, करायचा तर दिवसाचाच.

जपान आपल्या जवळचं. 1948 मध्ये, जपान अमेरिकी फौजांच्या ताब्यात असताना, त्यांचा सेनापती मॅकआर्थर याच्या पत्रानंतर सरकारी नोकरांचा संप बंद केला आणि बदल्यात एक स्वतंत्र प्राधिकरण बसवलं, ते दरवर्षी खासगी कंपन्यांचे पगार तपासून सरकारी पगार किती वाढवायचा ते सुचवतं. दरवर्षी बरं का, दहा वर्षांनी नाही! तरी 1982 साली सरकारने ती शिफारस गुंडाळून ठेवलीच, तेव्हा तिकडेही सगळं आलबेल नाही.

आपल्याकडे 2003 मध्ये तमिळनाडूने पावणेदोन लाखांच्या आसपास कर्मचारी काढले आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर, नैतिक कुठलाच हक्क नाही. बरं, मग बदल्यात? कलम 311 ची ढाल आहे, चौकशीशिवाय काढता येत नाही (अपवाद सोडून). केंद्राच्या लोकांना 1966 पासून सरकार-कर्मचारी संयुक्त मंडळ आहे, पगार, कामाचे तास, रजा यावर बोलणी फिसकटली तर लवाद आहे. आणि वेतन आयोग, ज्याचं ऐकायचं की नाही ते सरकारच ठरवणार. तुमच्यासारख्याची नेमणूक 1 नोव्हेंबर 2005 नंतरची असेल तर जुनी पेन्शनही गेली. म्हणजे घेतलं जर्मनीसारखं, दिलं मात्र तसं नाही. 1977-78 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांना केंद्राइतका महागाई भत्ता मागायला कर्मचारी नेते र. ग. कर्णिकांच्या मागे 54 दिवस संपावर बसावं लागलं, आणि तेव्हाही संप नियमात बसत होता म्हणून नाही.

प्रश्न : माझे मिस्टर पोलीस शिपाई आहेत. पोलिसांना युनियन का नसते? आधीपासूनच नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मुंबईत होती! शिपायांना साहेबांच्या घरची कामं लावतात, पगार, क्वार्टर, अशा तक्रारी होत्या. ऑगस्ट 1982 मध्ये सरकारने मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडलं आणि 18 तारखेला पोलीसच रस्त्यावर आले, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. कायदा मात्र त्याआधीचा, 1966 चा, परवानगीशिवाय पोलिसाने संघटनेत जायचं नाही. लंडनच्या पोलिसांनी 1918 आणि 1919 ला संप केले, 1919 वाले सगळे घरी गेले, परत कुणालाच घेतलं नाही, पण त्याच वर्षी उरलेल्यांना घसघशीत पगारवाढ मिळाली आणि कायद्याने त्यांची स्वतःची फेडरेशनही आली, संप न करणारी. ती अजून आहे.